दारावरचा ‘नका’

गफूरमियाँ पेंटर जगातल्या माणसांचे दोनच भाग करीत. एक डावीकडून वाचणारे आणि दुसरे उजवीकडून वाचणारे. हिंदू, मुसलमान, जहागीरदार, कूळ हे बाकीचे भाग त्यांना मान्य नव्हते. स्वतः ते दोन्हीकडून वाचत आणि दोन्हीकडून लिहीत, आणि म्हणून आपल्याला शिव्याही दोन्हीकडून पडतात असं पान चघळत सांगत. त्यात त्यांना काही दुःख असल्याचं दिसत नसे.

हिंगोलीच्या मोटार-अड्ड्यासमोर लिंबाखाली एक बाकडं होतं, तेच त्यांचं दुकान. साऱ्या बाजाराच्या पाट्या रंगवणाऱ्या या माणसाच्या दुकानाला पाटी नव्हती. उंच, सडपातळ देह, कानावर ब्रश, आणि पांढऱ्या दाढीला त्या आठवड्यात जो रंग चालू असेल त्याचे शिंतोडे. अक्षर काढून झालं की दोन पावलं मागे सरून, एक डोळा मिटून ते पाहायचं, ही त्यांची सवय. ती बोलतानाही सुटत नसे. तुम्ही एखादं भारदस्त वाक्य बोललात की ते दोन पावलं मागे जात, डोळा मिटत आणि म्हणत, “लांबून बरं दिसून राहिलं.” या मागे सरण्यात त्यांनी एकदा भाजीची टोपली तुडवली आणि एकदा एका फौजदाराचा पाय.

मला ते पत्रकराव म्हणत. मी पत्रकं लिहीत असे. तेव्हाच्या आमच्या संस्थानी राज्यात सभा भरवायला परवाना लागे, छापायला परवाना लागे, आणि परवाना कधी मिळत नसे. म्हणून हाताने लिहिलेली पत्रकं आम्ही वाटत होतो. जाहिरात या प्रकाराचा मला मनापासून तिटकारा होता. नको असलेली वस्तू माणसाला हवीशी करणं ही चोरीच आहे, असं मी गफूरचाचांना एकदा बजावलं. ते दोन पावलं मागे गेले.

“आन् तुमी काय करता? लोकायला नको असलेली क्रांती हवीशी करता. तीबी फुकट.”

माझी पत्रकं किसन ड्रायव्हर मोटारीच्या खिडकीच्या फटीत खुपसत असे, म्हणजे काचा वाजत नसत.

ती मोटार गावच्या कमिटीची. सकाळी स्टेशनवरून निघे, बाजारातून औंढ्यावरून जवळा बाजारला जाई आणि संध्याकाळी परत येई. येताना कधी माणसं आणी, कधी नुसती धूळ. मोटार तोट्यात होती आणि कमिटी ती बंद करायच्या बेतात होती. तेवढ्यात कमिटीचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव सदरसाहेब म्हणे, ते शहरात जाऊन आले. तिथे त्यांनी अंगावर जाहिराती रंगवलेल्या मोटारी पाहिल्या. आल्या आल्या ठराव झाला: मोटारीचे दोन्ही पत्रे व्यापाऱ्यांना भाड्याने द्यायचे. गाव हसलं. माणसं बसण्याचं भाडं सगळ्यांना ठाऊक होतं, अक्षरं बसण्याचं भाडं कोणी ऐकलं नव्हतं. पण एका चहावाल्याने एक बाजू घेतली, तेलवाल्याने दुसरी, आणि वर्षाच्या आत त्या पैशातून मोटारीला नवे टायर आले. आपली मोटार उभी राहूनसुद्धा कमावते, असं सदरसाहेब सांगू लागले. ते खरंच होतं, कारण बहुतेक वेळ ती उभीच असे.

रंगवण्याचं काम गफूरचाचांना मिळालं, आणि रंगाच्या देखरेखीसाठी मोटारीचा फुकट पासही. चाचांच्या लेखी तो पास हीच खरी मजुरी होती. त्यांची बायको कधीच वारली होती. एकुलती एक मुलगी, जुलेखा, जवळा बाजारला एका शिंप्याच्या घरी दिली होती. दर आठवडी बाजाराला चाचा देखरेखीला निघत. देखरेख जवळ्यातच काहून, असं सदरसाहेबांनी एकदा विचारलं, तर म्हणाले की हिंगोलीत रंग लाजतो, परक्या गावात गेल्यावर त्याचा खरा गुण दिसतो. सोबत रंगाचे तीन नवे डबे असत. लाल डब्यात तिखट, पिवळ्यात हळद, पांढऱ्यात साखर. किसनने एकदा संशयाने पांढरा डबा उघडून बोट चाटलं, आणि त्या दिवसापासून तोही देखरेखीच्या बाजूचा झाला.

पहिलं भांडण झालं ते बाजूंवरून. सदरसाहेबांचं म्हणणं, दोन्ही अंगांना उर्दूच असावी. दरबारची भाषा ती. मराठी हवीच असेल तर मागे, चाकांच्या वर, बारीक. चाचांनी हो म्हटलं आणि तसंच रंगवलं. मग त्यांनी सदरसाहेबांना रस्त्याच्या कडेला खुर्ची दिली आणि किसनला मोटार समोरून न्यायला सांगितली. उजव्या अंगाची उर्दू झकास वाचता आली, कारण उर्दू उजवीकडून सुरू होते आणि त्या अंगाला उजवीकडे मोटारीचं तोंड असतं. मग मोटार फिरवून डावं अंग नेलं. तिथे वाक्याचा शेवट आधी आला आणि सुरुवात सगळ्यात मागून.

“बघा साहेब,” चाचा म्हणाले, “शेपूट आधी घरात शिरून राहिलं आन् तोंड मागून येऊन राहिलं. असा पाव्हणा आपल्या घरी आला तर चालंल का?”

सदरसाहेबांना पाहुण्याची कल्पना पटली. उजव्या अंगाला उर्दू आणि डाव्या अंगाला मराठी ठरली. मला उशिरा लक्षात आलं की मोटारीचं दार डाव्या अंगाला होतं. रस्त्याच्या कडेला, थांब्यावर, झाडाखाली, माणसं उभी असत ती सगळी डाव्या अंगाला. उजव्या अंगाची उर्दू शेतांना आणि म्हशींना वाचायला मिळे. तुम्ही हे मुद्दाम केलंत का, असं मी विचारलं. मोटारीला विचारा, तिचं तोंड कुठं हाय ते, एवढंच ते म्हणाले.

दाराविषयी त्यांचा आणखी एक नियम होता. दार मागच्या टोकाला होतं, आणि उघडलं की मागे वळून त्याचा रंगवलेला भाग दिसेनासा होई. त्यामुळे दारावर ते कधी अक्षर टाकत नसत. दार हलतं, अक्षर हलता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. वाक्य लांब झालं तर ते व्यापाऱ्याशी भांडून शब्द कमी करवीत, पण दाराच्या अलीकडे संपवीत.

मलमवाल्या शेठजींची हकीकत मात्र त्यांनी केली की झाली, हे मला आजही ठरवता येत नाही. शेठजींचं मलम सगळ्या कातडीच्या रोगांवर चाले असा त्यांचा दावा होता. चाले की नाही ते देव जाणे. मी त्याविरुद्ध एक पत्रक लिहिलं, ते कोणी वाचलं नाही. शेठजींना मोटारीवर सगळे रोग हवे होते आणि स्वतःची तसबीर हवी होती. चाचांनी सांगितलं की जागा कमी आहे, एकतर रोग ठेवू या किंवा तोंड. शेठजी ऐकेनात. तेव्हा चाचांनी वर मोठ्या लाल अक्षरांत ‘खरूज, नायटा, गजकर्ण’ काढलं आणि बरोबर खाली शेठजींचा हुबेहूब चेहरा. मलमाचं नाव मग उरलेल्या जागेत मावलं.

मोटार जवळ्याला पोचेपर्यंत वाटेतल्या गावांना शेठजींची दया येऊ लागली होती. औंढ्याच्या एका म्हातारीने दुकानात येऊन शेठजींना न्याहाळलं आणि म्हणाली, चांगला बरा झाला की रे लेकरा. शेठजी तणतणत अड्ड्यावर आले. चाचांनी ऐकून घेतलं, पुसून टाकायची तयारी दाखवली, आणि जाता जाता विचारलं की म्हातारीने मलम नेलं का. तिने दोन डब्या नेल्या होत्या. त्या हंगामात मलम एवढं खपलं की पुढच्या वर्षी शेठजींनी तीच बाजू, तेच रोग आणि तोच चेहरा पुन्हा मागितला.

अशी मजेत वर्षं गेली. मग ते शेवटचं, वाईट वर्ष आलं. बाहेर देश स्वतंत्र झाला होता आणि आमच्याकडे लाठ्या वाढल्या होत्या. गावोगाव चोरून सभा होत होत्या आणि माणसं पकडली जात होती. एक दिवस हुकूम आला की मोटारीवरच्या सगळ्या जाहिराती पुसून दोन्ही अंगांना सरकारी सूचना रंगवावी. व्यापाऱ्यांचं भाडं बुडणार होतं, पण हुकमापुढे सदरसाहेबांचं काय चालणार. मराठी मजकूर कागदावर लिहूनच आला होता: ‘मनाई असलेल्या सभेला जाऊ नका.’

मी अड्ड्यावर गेलो तेव्हा चाचा शेठजींचा चेहरा तारपिनाने पुसत होते. मी जे बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. हे रंगवाल तर तुम्ही त्यांचेच, एवढा त्याचा सारांश होता. चाचा मागे सरले नाहीत, डोळाही मिटला नाही.

“मी न्हाई लिव्हलं तर दुसरा लिव्हील. त्याचं अक्षर घाण हाय.”

“हा अक्षराचा प्रश्न नाही, चाचा.”

“अक्षराचाच हाय, पत्रकराव.”

मी रागाने निघून आलो. त्यांच्याशी पुन्हा बोलायचं नाही असं ठरवलं आणि आठ दिवस पाळलंही. त्या आठ दिवसांत चाचा एकदा जवळ्याला जाऊन आले आणि मग त्यांनी सूचना रंगवली. अक्षर इतकं देखणं होतं की मला संताप आला. ठसठशीत, काळ्या किनारीचं, पन्नास पावलांवरून वाचता येईल असं. तोंडाकडून सुरू होऊन ‘मनाई असलेल्या सभेला जाऊ’ एवढं दारापाशी येऊन संपलं होतं, आणि ‘नका’ दारावर होता.

त्यात काय आहे ते मी तेव्हाही पाहिलं नाही. पाहिलं ते स्टेशनसमोर थांबलेल्या बायामाणसांनी. मोटार आली तेव्हा सरकार सांगत होतं, सभेला जाऊ नका. किसनने दार उघडलं, दार मागे वळलं, ‘नका’ गेला, आणि मोटार आपल्या हातभर अक्षरांत म्हणाली: मनाई असलेल्या सभेला जाऊ. चला, जाऊ. आधी एक बाई हसली, मग तिच्या पाठीमागचा हमाल, मग सगळा थांबा. चढून झाल्यावर दार लागलं आणि सरकार पुन्हा जागेवर आलं.

पुढच्या प्रत्येक थांब्यावर तेच. मोटार चालली की मनाई, थांबली की आमंत्रण. लोक थांबे मागू लागले. ज्यांना कुठे जायचं नव्हतं ते दार उघडायला हात करीत. औंढ्याला पोरीबाळी आत डोकावून किसनला विचारू लागल्या की दादा, सभेला जाऊ का. जवळ्याच्या बाजारात दार उघडायला ‘सभा भरवणे’ असा शब्दच पडला. माझ्या सगळ्या पत्रकांनी जे तीन वर्षांत केलं नव्हतं, ते एका बिजागरीने तीन दिवसांत केलं. लोक सरकारला भीत होते, ते सरकारला हसू लागले.

पोलिसांचा अमीन मराठी वाचत नसे. त्याने उर्दूचं अंग तपासलं होतं आणि तिथे एक नुक्ता, एक टिंबही चुकलेलं नव्हतं. कोणीतरी कान फुंकल्यावर तो अड्ड्यावर आला आणि त्याने चाचांना मोटारीसमोर उभं केलं. सदरसाहेब घाम पुसत बाजूला होते. दार चार वेळा उघडून, चार वेळा लावून दाखवण्यात आलं. अमिनाने विचारलं की हे काय आहे.

“हुकूम हाय साहेब. बराबर लिव्हलाय, कागद ताडून बघा.”

“आणि दार उघडल्यावर?”

“मला हुकूम लिव्हायला सांगितला व्हता. दार कवा उघडायचं ते कमिटीचं काम.”

जमलेली माणसं खाली बघून खोकू लागली. अमिनाची पंचाईत झाली. गुन्हा नोंदवायचा तर त्याला वर लिहून कळवावं लागणार होतं की सरकारी मोटारीचं दार उघडलं की सरकारी हुकूम उलटा होतो, आणि हे मराठीत उलटा होतो पण उर्दूत होत नाही, कारण मराठीत नकार शेवटी बसतो आणि दार मराठीच्याच अंगाला आहे. असा अहवाल लिहिणारा माणूस जन्मभर अमीनच राहिला असता. म्हणून त्याने काहीच लिहिलं नाही. तोंडी तीन गोष्टी सांगितल्या. गफूर पेंटरने यापुढे मोटारीला हात लावायचा नाही, तिच्यात बसायचं नाही, आणि गावाची हद्द ओलांडायची नाही. आणि दार? पुसून पुन्हा लिहायला गावात दुसरा पेंटर नव्हता, आणि बाहेरचा बोलवायचा तर कारण वर कळवावं लागलं असतं. तेव्हा सदरसाहेबांनी दाराला खिळे ठोकले.

त्यानंतर कित्येक महिने लोक ड्रायव्हरच्या दारातून, किसनच्या मांडीवरून चढत. किसन म्हणे की तालुक्यातल्या सगळ्या पोटऱ्या माझ्या ओळखीच्या झाल्या. हळूहळू उतारू कमी झाले. जाहिरातीचं भाडं बंद, तिकिटाचं उत्पन्न बंद. हुकूम मात्र दिवसरात्र नीट वाचता येत होता.

मी चाचांकडे गेलो. माफी मागावी असं मनात होतं. ते बाकड्यावर बसून एका पाळण्याच्या फळीवर पोपट काढत होते. माफीचा विषय मी काढताच त्यांनी मला पोपटाच्या चोचीचा रंग विचारला. मग सहज म्हणाले की जुलेखाला दिवस गेलेत, पावसाळ्यात मोकळी होईल. फळी किसनच्या हाती पाठवणार होते.

श्रावणात माझं जवळ्याला काम निघालं. किसनच्या मांडीवरून चढून गेलो. जुलेखाच्या घरासमोर नवरा मशीन चालवत होता आणि आत पोपटाच्या पाळण्यात दहा दिवसांची मुलगी होती. अब्बांनी अजून तिचं तोंड पाहिलं नाही, असं मी म्हणालो. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, “त्यायनी आदीच सांगितलं व्हतं, भाईजान. रंगवायच्या आदल्या बाजाराला आले, मला दिवस गेलेत ते ऐकलं आन् बोलले, बेटी, आता लई दिवस मी येणार न्हाई. मोटारीवर एक लफ्ज लिव्हायचाय, तो वाळायला टाईम लागल.”

पास जाणार, नातवंडाचं तोंड दिसणार नाही, हे सगळं मोजून, मुलीचा निरोप घेऊन मग त्या माणसाने ब्रश उचलला होता.

महिन्याभराने ते राज्य गेलं. त्याबरोबर अमीन गेला, सदरसाहेब गेले. पण चाचांना लगेच जवळ्याला जाता आलं नाही. सुडाचे दिवस होते. रस्त्यावर एकट्यादुकट्या मुसलमानाचं काय होई ते आम्ही ऐकत होतो आणि ऐकून गप्प बसत होतो. आमच्यापैकी ज्यांनी तेव्हा तोंड उघडलं नाही त्यांत मीही आहे, आणि ते मी इथे लिहून ठेवतो.

त्या धामधुमीत बंद पडलेली मोटार पुन्हा सुरू व्हायची ठरली तेव्हा नव्या कमिटीत माझेच मित्र होते. खिळे काढायचे, जाहिराती पुन्हा घ्यायच्या, हे सगळं झालं. रंगवायला कोण? गफूर नको, म्हणाले. त्याने जुन्या सरकारचा हुकूम रंगवला. मी भांडलो. गावभर लोक हसले होते ते काय उगीच? शेवटी असं ठरलं की गफूरमियाँनी कमिटीपुढे येऊन एवढंच सांगावं की ‘नका’ आपण मुद्दाम दारावर टाकला. मग काम त्यांचं, पासही त्यांचा.

मी धावतच अड्ड्यावर गेलो. जुलेखाने सांगितलेलं मला ठाऊक आहे, हेही सांगितलं. पोरीच्या पोटात काही राहत नाही, असं ते पुटपुटले आणि बराच वेळ ब्रश धूत राहिले.

“चाचा, एक वाक्य बोलायचंय. तेही खरं.”

“आज तुमच्या कमिटीपुढं कबूल करू. उद्या दुसरी कमिटी येईल, तिच्यापुढं काय कबूल करू?” ते म्हणाले. “मी लिव्हलं. वाचायचं काम लोकायचं व्हतं, त्यायनी वाचलं. आता पावती काहून पाहिजे?”

ते कमिटीपुढे गेले नाहीत. काम वसमतच्या एका पेंटरला मिळालं.

मोटार निघाली त्या सकाळी मी अड्ड्यावर होतो. चाचा धुतलेला शर्ट घालून, तीन डबे घेऊन आले आणि त्यांनी इतरांसारखं तिकीट काढलं. ते आत चढले. आधी कोणी सरकेना. मग खिडकीजवळ बसलेल्या एका धनगराच्या बाईने मांडीवरचं कोकरू उचलून दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि सरकून खिडकीपाशी जागा केली. चाचा तिथे बसले. कोकराने त्यांची दाढी हुंगली.

मोटारीच्या अंगावर चहाची नवी जाहिरात होती, रंग अजून ओला. ‘स्फूर्ती’ या शब्दातला उकार वसमतच्या पेंटरने ऱ्हस्व काढला होता. किसनने हॅंडल मारलं, मोटार धडधडली, हलली आणि जवळ्याच्या रस्त्याला लागली. तेव्हा खिडकीतून एक लांब, सडपातळ हात बाहेर आला. त्यात फडकं होतं. चालत्या मोटारीत, वाकून, अंदाजाने चाचपडत, तो हात तो ऱ्हस्व उकार पुसत होता.